कॉन्ट्रॅक्ट सांभाळायला ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यावं का? १६० एएमसी (देखभालीची कॉन्ट्रॅक्ट्स) आहेत आणि एक नोटीस चुकली

भोसरी_सर्व्हिसवाला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून.

आमचं भोसरी एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसर आणि डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) सर्व्हिसिंगचं काम आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. साधारण १६० एएमसी चालू आहेत, चाकण, तळेगाव, रांजणगाव, पिरंगुट, शिवाय पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्या आणि चार हॉस्पिटलं. सगळी कॉन्ट्रॅक्ट्स ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या बॉक्स फायलींमध्ये. बाबांना फाईल उघडायची गरजच पडायची नाही, कुठल्या कंपनीची एएमसी कधी संपते, कोणाला कोणत्या रेटने दिलीय, कोण तेल स्वतः देतं, सगळं तोंडपाठ. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली, आता ते ऑफिसला येत नाहीत आणि आम्हीही कामाच्या गोष्टी त्यांच्याकडे फार नेत नाही.

आता काय झालं ते सांगतो. चाकणच्या एका कंपनीबरोबर ११ कॉम्प्रेसरची ३ वर्षांची कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी होती, म्हणजे तेल, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, सेपरेटर सगळं आमच्या खर्चाने. ३ वर्षांत या सगळ्याचे भाव कुठे गेलेत ते धंद्यातल्यांना माहितीय. मुदत संपायला २० दिवस असताना मी नवीन कोटेशन घेऊन गेलो. त्यांच्या परचेसवाल्यांनी शांतपणे त्यांच्याकडची कॉपी काढली, पान ७ उघडलं आणि एका ओळीवर पेन ठेवलं. मुदत संपायच्या ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आहे त्याच रेटने आणखी १ वर्ष कॉन्ट्रॅक्ट आपोआप पुढे जाईल, असं लिहिलेलं. ऑफिसला येऊन आमची फाईल काढली तर आमच्याकडे झेरॉक्स, आणि ती लीगल साइजच्या कागदाची ए-फोरवर काढलेली, पान ७ च्या खालच्या दोन ओळी कापल्या गेलेल्या. त्याच त्या दोन ओळी.

त्यांची काही चूक नाही, सही आमचीच आहे. पण वर्षाला ४ लाखांच्या वर फटका आहे आणि काम तर तेवढंच करायचंय. त्या दिवसापासून मला झोप नाही, कारण कपाटात अजून अशा किती ओळी आहेत मला माहीत नाही.

तर आता वेबवर चालणारं कॉन्ट्रॅक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्यायचा विचार आहे. दोन जणांनी डेमो दिला, स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण दर माणशी दर महिना पैसे आहेत आणि आमच्या ऑफिसात ६ जण, बाहेर १४ टेक्निशियन. माझे प्रश्न असे की एवढ्या धंद्याला ते खरंच लागतं का, सोसायट्यांची काही कॉन्ट्रॅक्ट्स मराठीत आहेत ती त्यात चालतील का, ऑनलाइन सही कोर्टात टिकते का की स्टॅम्प पेपर लागतोच, आणि सगळ्या गिऱ्हाइकांचे रेट दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकणं सुरक्षित आहे का. कोणी वापरत असेल तर कृपया अनुभव सांगा.

चाकण_कॉन्ट्रॅक्ट_डेस्क

दादा, आधी बाबांच्या तब्येतीला आराम पडो. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत १४ वर्षं हेच काम करते, म्हणजे तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसला होतात त्याच्या समोरच्या बाजूला मी असते. आमच्याकडे मोठं सॉफ्टवेअर आहे. असं कॉन्ट्रॅक्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आयसर्टिस कंपनीचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे, त्यामुळे इथे हे काम जाणणारी माणसं भरपूर मिळतात, पण तसली मोठी सिस्टिम हजारो करार असलेल्या कंपन्यांसाठी असते, तुम्हाला ती नको. लहान धंद्यांसाठी झोहो कॉन्ट्रॅक्ट्ससारखे पर्याय आहेत ते बघा.

पण मला दुसरंच सांगायचंय. सॉफ्टवेअर तुमचं कॉन्ट्रॅक्ट तुमच्यासाठी वाचत नाही. तुम्ही १६० फायली स्कॅन करून त्यात टाकल्यात आणि प्रत्येकीची फक्त संपायची तारीख भरलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल, फरक एवढाच की या वेळी आठवण करणारी मेल मुदत संपायच्या ३० दिवस आधी येईल आणि तुमची नोटीस ६० दिवसांची असेल. तुमच्या उपयोगाची तारीख संपायची नाही, बोलायची आहे. ज्या दिवसानंतर तुम्ही बोलू शकत नाही तो दिवस प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमधून शोधून काढायचा आणि रिमाइंडर त्याच्याही महिनाभर आधी लावायचा, कारण नवीन रेट काढायला, तेलवाल्याकडून भाव मागवायला तुम्हाला वेळ लागणारच ना.

अजून तारखा असतात ज्या कोणी बघत नाही. भाववाढीचं कलम असेल तर ती वाढ आपोआप लागू होते की मागावी लागते ते बघा, बहुतेक ठिकाणी मागावी लागते आणि मागितली नाही तर त्या वर्षाची गेली. बँक गॅरंटी दिली असेल तर तिची मुदत आणि क्लेमची मुदत या दोन वेगळ्या तारखा असतात. साइटवर माणसं कायम बसवली असतील तर किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा सहा महिन्यांनी बदलतो, तो फरक तुम्ही सोसायचा की कंपनीने, हे करारात लिहिलेलं असतं किंवा नसतं, आणि नसेल तर तो तुमच्याच अंगावर येतो. शिवाय पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर. करार ३ वर्षांचा असला तरी पीओ दर वर्षी नवीन निघतो, आणि पीओ संपलेला असताना केलेल्या कामाचं बिल आमच्या सिस्टिममध्ये चढतच नाही, मग तुम्ही अकाउंट्सच्या दारात चकरा मारता आणि आम्हालाही वाईट वाटतं पण हात बांधलेले असतात.

म्हणून सॉफ्टवेअर बघताना पहिली गोष्ट ही बघा की मूळ कराराखाली त्याची सगळी पिल्लं बांधता येतात का, म्हणजे पीओ, रेटचं परिशिष्ट, नंतरची दुरुस्तीची पत्रं, मशीनची यादी. आमच्याकडे एकदा एका व्हेंडरबरोबर रेटवरून वाद झाला, दोघांकडे सही-शिक्क्याचं परिशिष्ट होतं, दोन्ही खरी, फक्त त्यांच्याकडे आधीचं आणि आमच्याकडे नंतरचं, आणि दोन्हीवर "परिशिष्ट ब" एवढंच. तारीख कुठेच नाही. तीन मीटिंगा त्यात गेल्या. एक मूळ, त्याखाली तारखेने लागलेली कागदं, आणि सध्या कोणतं लागू आहे ते एका नजरेत, एवढं जे देतं ते चांगलं. बाकी रंगीत आलेख कोणी बघत नाही.

सिंहगड_रोड_सीए

१६० कॉन्ट्रॅक्टला मी आज तरी सॉफ्टवेअर घ्या म्हणणार नाही. गूगल शीट करा, एका ओळीत एक कॉन्ट्रॅक्ट, संपायच्या तारखेतून नोटिशीचे दिवस वजा करणारा कॉलम, कॅलेंडरला रिमाइंडर, आणि ड्राइव्हवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोल्डर. खर्च जवळपास शून्य. सहा महिने हे नीट चालवून दाखवलंत तर मग पैसे खर्च करा, कारण शीट भरायची सवय ज्या ऑफिसला नाही तिथे महागडं सॉफ्टवेअरसुद्धा रिकामंच राहतं, हे मी माझ्या क्लायंटांकडे बघितलंय.

त्या शीटमध्ये एक कॉलम मात्र माझ्या सांगण्यावरून वाढवा, पेमेंटची मुदत. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे मिळायला हवेत आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. समोरच्या कंपनीने ९० दिवस छापून दिलं आणि तुम्ही सही केली तरी ४५ च्या पुढे कायदा मानत नाही. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी एच) या मुदतीबाहेर थकवलेल्या रकमेची वजावट त्यांना प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात.

आता हे ४५ दिवस मोजायचे कुठून, तर सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून. समोरच्याने काम झाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम दिल्याचा दिवसच स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे तुमच्या टेक्निशियनने सर्व्हिस रिपोर्टवर घेतलेली सही आणि तारीख हा तुमचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. तो कॉन्ट्रॅक्टच्या फोल्डरमध्ये जातो का? बहुतेक ठिकाणी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पिवळा पडत असतो.

भोसरी_सर्व्हिसवाला

ताई, सीए साहेब, दोघांचे मनापासून आभार. परिशिष्टावर तारीख नसणं हे आमच्याकडे सर्रास आहे, मी आत्ताच तीन फायली उघडून बघितल्या. सर्व्हिस रिपोर्टचंही खरंय, त्याची कार्बन कॉपी मुलं महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने आणून देतात, आणि सहीखाली तारीख टाकायचं कोणी सांगितलेलंच नाही त्यांना. उद्यापासून सांगतो.

शीट करायला हरकत नाही पण एक अडचण, भाऊ आणि मी दोघं एकाच वेळी एकाच फाईलवर काम करतो आणि वर्डमधले ड्राफ्ट मेलवर इकडून तिकडे जातात, शेवटचा कोणता हे कळत नाही. आमच्याकडे फाईलची नावं "फायनल", "फायनल २", "फायनल नक्की" अशी आहेत. आणि सहीचं कोणी सांगेल का?

शिवाजीनगर_कोर्टवाले

सहीबद्दल मी सांगतो, वकिली करतो, व्यापारी करारांचंच काम जास्त असतं.

ऑनलाइन सही टिकते. आयटी कायदा २००० चं कलम १०ए सरळ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो नाकारता येणार नाही. मृत्युपत्र, ट्रस्ट असे मोजके दस्त त्यातून वगळले आहेत, तुमची एएमसी त्यात येत नाही. आधारवर ओटीपी येऊन होणारी ई-साइन ही कायद्याने मान्य केलेली इलेक्ट्रॉनिक सही आहे, आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची ई-हस्ताक्षर सेवा तीच. नुसतं स्क्रीनवर बोटाने नाव काढणं किंवा सहीचा फोटो चिकटवणं याने करार अवैध ठरत नाही, पण उद्या समोरचा म्हणाला की ही माझी सही नाही तर सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो. म्हणून मोठ्या रकमेला आधार ई-साइन किंवा डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) घ्या, २० हजारांच्या सोसायटीच्या एएमसीला मेलवरची लेखी संमतीसुद्धा पुरते.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. ई-साइन झालेली पीडीएफ प्रिंट काढतात, फाईलला लावतात आणि मूळ फाईल मेलमध्ये पडून राहते किंवा पुसली जाते. लक्षात घ्या, त्या प्रिंटवर सही नसतेच, सही फाईलच्या आत असते. ती पीडीएफ परत "प्रिंट टू पीडीएफ" केली किंवा साइज कमी करायला कुठल्या वेबसाइटवर दाबून घेतली की सही तुटली. रीडरमध्ये उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका, बरेचदा त्या कॉम्प्युटरला सर्टिफिकेट ओळखीचं नसतं एवढंच, पण लाल फुली दिसली तर नीट बघा. जशी आली तशी मूळ फाईल आणि सोबत येणारा ऑडिट ट्रेल (कोणी कधी सही केली त्याची नोंद) दोन ठिकाणी जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कोर्टात दाखल करताना दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या मजकुरातून निघणारा तिचा ठसा, लिहायची असते. फाईल मध्येच कोणी बदलली असेल तर ती जुळणार नाही.

आता स्टॅम्प. ऑनलाइन सही केली म्हणून स्टॅम्प ड्युटी सुटत नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसुद्धा दस्तच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० रुपयांचा स्टॅम्प चालायचा अशा बऱ्याच करारांना ५०० रुपये झालेत, आणि कामाच्या स्वरूपावर आणि रकमेवर ड्युटी जास्तही होऊ शकते, तेव्हा तुमच्या नमुना कराराला कोणतं कलम लागतं ते वकिलाला एकदा विचारून घ्या. सरकारच्या ग्रास पोर्टलवर ऑनलाइन भरून चलन जोडता येतं. सही करण्याआधी, सही करताना किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची. भरलीच नाही तर करार रद्द होत नाही, लवादाच्या कलमाबाबत सुप्रीम कोर्टाच्या ७ न्यायमूर्तींनी १३ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलं की तो दोष नंतर दुरुस्त होण्यासारखा आहे, पण ड्युटी आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही, आणि नेमकी गरज असते तेव्हाच तुम्ही अडकता.

अजून एक, समोरून सही कोण करतो ते बघा. मेंटेनन्स मॅनेजर मशीनजवळ उभा राहून सही करतो, त्याला कंपनीने अधिकार दिलाय का? सोसायटीत अध्यक्ष-सचिव बदलतात, कमिटीच्या ठरावाची प्रत मागून घ्या आणि तीही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

बाणेर_क्लाउड

मी या प्रकारचीच सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये बसवून देतो, त्यामुळे कोणतं घ्या हे सांगणं बरोबर नाही, कसं घ्यायचं ते सांगतो.

तुमचा "फायनल नक्की" चा त्रास हेच वेबवरचं सॉफ्टवेअर घ्यायचं माझ्या मते खरं कारण आहे, शीटने तो सुटत नाही. एकच ड्राफ्ट, त्यावर कोणी कोणता शब्द कधी बदलला ते दिसतं, समोरच्याचे वकील त्यातच बदल सुचवतात, आणि सही झाल्यावर तो लॉक होतो. गेल्या वेळी आपण कुठल्या कंपनीला किती दिवसांची नोटीस मान्य केली होती हे शब्द टाकून १६० करारांत शोधता येतं.

दर माणशी पैशाला घाबरू नका, २० जणांना लॉगिन लागत नाही. तुम्ही, भाऊ आणि बिलिंग बघणारी व्यक्ती, ३ पुरे. टेक्निशियनला करार दिसायची गरजच नाही, त्याला त्या साइटवर कोणती मशीन आहेत, काय आपल्या खर्चात आणि काय गिऱ्हाइकाच्या, एवढं एक पान मराठीत मोबाइलवर असलं की झालं. आणि रेट सगळ्यांना दिसू नयेत हेही त्यानेच साधतं.

डेमोमध्ये त्यांची नमुना कॉन्ट्रॅक्ट्स बघू नका. तुमच्या कपाटातली सगळ्यात वाईट १० निवडा, एक स्टॅम्प पेपरवरचं, एक मराठीतलं, एक ज्यावर शिक्का नेमका मजकुरावर बसलाय ते, एक हाताने खाडाखोड केलेलं. ती ट्रायलमध्ये टाका आणि तारखा शोधायला सांगा. हल्ली बहुतेक ठिकाणी एआय स्वतः तारखा आणि रक्कम काढून देतो, इंग्रजी टाइप केलेल्या कागदावर चांगलं काम करतो, पण शिक्क्याखालचं आणि मराठी स्कॅनमधलं चुकतं, आणि चुकतं ते पूर्ण खात्रीने लिहून चुकतं. म्हणून त्याने काढलेली प्रत्येक तारीख माणसाने मूळ पानाशी ताडून बघायची, निदान पहिल्या वेळी तरी. स्कॅन ३०० डीपीआयचा करा, मोबाइलने फोटो काढून नको, आणि पानाच्या चारही कडा दिसतात का ते बघा. तुमच्या पान ७ ची गोष्ट वाचून हे मुद्दाम लिहितोय.

सुरक्षिततेचं म्हणाल तर कपाटाला आग लागते, वाळवी लागते आणि किल्ली पाच जणांकडे असते, त्यामानाने चांगल्या कंपनीचा सर्व्हर बरा. पण तीन गोष्टी लेखी विचारा. आम्ही सोडून गेलो तर आमच्या सगळ्या मूळ पीडीएफ आणि भरलेल्या माहितीची एक्सेल आम्हाला एकदम उतरवून मिळेल का, आणि ट्रायलमध्येच ते करून बघा, नुसतं हो म्हणाले म्हणून सोडू नका. डेटा कुठल्या देशात राहतो. आणि प्रत्येक लॉगिनला मोबाइलवर कोड येतो का. मुख्य लॉगिन कोणाच्या खासगी जीमेलवर काढू नका, कंपनीच्या मेलवर काढा, माणूस नोकरी सोडतो आणि खातं त्याच्याबरोबर जातं असं मी तीनदा बघितलंय. रिमाइंडर नेहमी दोघांना जाऊ दे, एक आजारी पडला तरी दुसरा असतो.

भोसरी_सर्व्हिसवाला

मंडळी, आठवडा झाला म्हणून काय केलं ते सांगायला आलोय.

गुरुवारी एमआयडीसी बंद असते, त्या दिवशी मी, भाऊ आणि बिलिंगच्या ताई सकाळी ९ ला बसलो ते रात्री ८ पर्यंत. सीए साहेब म्हणाले तशी आधी शीटच केली. ५८ फायली झाल्या. प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भरायचं असं ठरवलं, वेळ लागतो पण काही सुटत नाही. त्यात १३ मध्ये आपोआप पुढे जायचं कलम निघालं, नोटीस कुठे ३० दिवस, कुठे ६०, एका ठिकाणी ९०. त्यातल्या ४ ची बोलायची तारीख पुढच्या दीड महिन्यात आहे. रांजणगावच्या एका मोठ्या साइटची तर बरोबर ११ दिवसांवर होती, तिचं पत्र शुक्रवारी सकाळी स्पीड पोस्टाने आणि मेलने दोन्ही टाकलं. ९ फायलींत समोरच्याच्या सहीची कॉपीच नाही, फक्त आपण सही करून पाठवलेली. त्या सगळ्यांना मेल गेलीय. सोसायट्यांच्या ३ कॉन्ट्रॅक्टवर ज्या सचिवांच्या सह्या आहेत ते आता कमिटीतच नाहीत, वकील साहेबांनी सांगितलं नसतं तर तिकडे लक्षच गेलं नसतं.

शीट प्रिंट करून रविवारी घरी बाबांना दाखवली. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल, म्हणून आई नको म्हणत होती. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि तास-दीड तास एकेक ओळ बघत बसले. दोन रेटवर फुली मारली. म्हणाले, "ह्या दोघांना मागच्या दिवाळीआधी कमी करून दिलेत, पत्र दिलंय, निळ्या फाईलमध्ये बघ." सोमवारी निळी फाईल काढली तर पत्र होतं, बाबांच्या लेटरहेडवर, त्यांच्या सहीचं, पण पोचपावती नाही आणि समोरून कोणाची सही नाही. आम्ही त्या दोघांना जुन्याच रेटने बिलं पाठवत होतो आणि ते दर वेळी कापून पैसे देत होते, आम्हाला वाटायचं हे लोक उगाच अडवतात.

तर आता सॉफ्टवेअर घ्यायचं नक्की झालंय, ३ लॉगिनचं, उरलेल्या फायली शीटमध्ये भरून झाल्या की. बाणेरकर दादांनी सांगितली तशी १० वाईट कॉन्ट्रॅक्ट्स बाजूला काढून ठेवलीत. फक्त एवढं सांगा, बाबांचं हे जे पत्र आहे असं, किंवा फोनवर, व्हॉट्सॲपवर ठरलेलं जे काही असतं, ते कुठे आणि कसं नोंदवायचं? कारण कराराच्या कागदात तर ते कुठेच नाही.

चाकण_कॉन्ट्रॅक्ट_डेस्क

दादा, वाचून खूप बरं वाटलं. बाबांना दर रविवारी थोडी थोडी शीट दाखवत जा, त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच फाईलमध्ये नाही.

पत्राचं असं करा. बहुतेक करारांत एक कलम असतं की दोघांच्या लेखी सहीशिवाय कुठलाही बदल धरला जाणार नाही, ते तुमच्या त्या दोन्ही करारांत आहे का आधी बघा. असो वा नसो, दोघांनाही एक पानाचं दुरुस्तीपत्र पाठवा, अमुक तारखेच्या कराराच्या परिशिष्ट ब मधला रेट अमुक तारखेपासून अमुक झाला आहे, बाकी सगळ्या अटी तशाच, आणि खाली दोघांच्या सह्या. त्याला क्रमांक द्या, दुरुस्ती १, आणि मूळ कराराखाली लावा. ते तुमच्याकडून कमी रेटच मागतायत तर सही करायला एक दिवसही लावणार नाहीत. बाबांचं पत्रही त्यासोबत स्कॅन करून ठेवा, त्यावर जी तारीख आहे तीच लागू तारीख म्हणून लिहा, आणि आधी जास्त लागलेल्या बिलांची क्रेडिट नोट काढा, म्हणजे दोन्हीकडचा हिशोब जुळेल.

व्हॉट्सॲपवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी एक मेल टाकायची, "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून, आणि त्यांचं "ओके" आलं की ती मेल पीडीएफ करून त्याच जागी. आमच्याकडे मी हे प्रत्येक व्हेंडरला सांगते. निम्मे करतात.

आणि त्या चाकणच्या ११ कॉम्प्रेसरवाल्यांना एकदा भेटाच. नोटीस चुकली हे खरं, पण करारात दोघांच्या संमतीने रेट बदलायला कोणी अडवलेलं नसतं. तुमच्या तेलाच्या आणि सेपरेटरच्या ३ वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या खरेदी बिलांच्या कॉपी शेजारी शेजारी लावून न्या. परचेसवाल्याकडे नाही, प्लांट मेंटेनन्सच्या हेडकडे आधी जा. कॉम्प्रेसर बंद पडला की लाइन बंद पडते, ते त्यांनाच सगळ्यात जास्त कळतं. पूर्ण नाही मिळणार, पण तेलापुरती वाढ मी स्वतः दोन व्हेंडरांना मध्यावर मंजूर करून दिली आहे.